जपानी सिनेमाच्या दहा शनिवारांसाठी चित्रपट आणि वाचन सुचवा

शनिवारचा_मास्तर

मंडळी, मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. यंदा दोन श्रेयांकांचा एक ऐच्छिक कोर्स पदरात पडलाय: जपानी सिनेमा. पडलाय कसला, मीच मागून घेतला. आता झोप उडाली आहे.

दहा शनिवार, दर वेळी तीन तास, चोवीस मुलं-मुली. निम्म्यांनी 'नारुतो' ही जपानी कार्टून मालिका मोबाइलवर कोळून प्यायलीय, जपानी शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. पण कृष्णधवल सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेलं एकही पोर नाही. आणि इंग्रजी वाचन आठवड्याला पंधरा पानांच्या पुढे गेलं की झेरॉक्स घडीही न मोडता परत येते, हा वीस वर्षांचा अनुभव.

कच्ची यादी अशी: किनुगासाचा 'अ पेज ऑफ मॅडनेस' (१९२६), ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३), कुरोसावाचे 'राशोमोन' (१९५०) आणि 'सेव्हन सामुराई' (१९५४), मिझोगुचीचा 'उगेत्सु' (१९५३), इचिकावाचा 'द बर्मीज हार्प' (१९५६), तेशिगाहाराचा 'वुमन इन द ड्यून्स' (१९६४), ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८), कोरे-एदाचा 'शॉपलिफ्टर्स' (२०१८) आणि हामागुचीचा 'ड्राइव्ह माय कार' (२०२१). वाचायला डोनाल्ड रिचीचं जपानी सिनेमाच्या शंभर वर्षांवरचं पुस्तक आणि तानिझाकीचा 'इन प्रेज ऑफ शॅडोज'.

यादीत चूक अशी काही नाही. पण रात्री परत वाचली तर अष्टविनायकाची टूर वाटली. उतरायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, पुन्हा गाडीत. काय काढू आणि काय घालू?

चहाबाज

मास्तर, 'इकिरू' (१९५२) नाही? मग कोर्स कशाला घेताय?

तीस वर्षं सरकारी टेबलावर काढून निवृत्त झालेला माणूस सांगतोय. बायका अर्ज घेऊन येतात: वस्तीत सांडपाणी तुंबलंय, पोरं आजारी पडतात, ते बुजवा आणि तिथे बाग करा. त्यांना या खात्यातून त्या खात्यात पाठवतात, खिडकीमागून खिडकी, आणि शेवटी पहिल्याच खिडकीशी आणून सोडतात. हे बघताना मी हसलो नाही. मान खाली घातली.

नायक कॅन्सरने मरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सिनेमा संपायला जवळजवळ एक तृतीयांश वेळ बाकी असतानाच तो मरतो. उरलेला वेळ त्याच्या तेराव्याला (तेरावा नव्हे, पण तुम्हाला कळलं) जमलेले सहकारी साके (तांदळाची दारू) पीत त्याने बाग का केली असेल यावर वाद घालतात. तुमच्या पोरांना कथनरचना शिकवायला याहून बरं काय मिळणार? सोबत टॉलस्टॉयची 'इव्हान इलिच' कथा द्या, कुरोसावाला सिनेमा तिच्यावरूनच सुचला.

सदाफुली

आधी घड्याळ बघा. 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा, म्हणजे तुमच्या तीन तासांत मावतच नाही. 'ड्राइव्ह माय कार' १७९ मिनिटांचा. एक मिनिट उरतं, त्यात हजेरी घ्या.

दुसरं, 'अ पेज ऑफ मॅडनेस'ने सुरुवात करू नका. हे पोळलेली बाई सांगते आहे. आमच्या फिल्म क्लबात मी हौसेने तोच आधी लावला होता. वेड्यांचं इस्पितळ, एकही शब्दपाटी नाही, आणि कोण कुणाची कोण याचा पत्ता नाही. मध्यंतरानंतर सात जण उरले, त्यातले दोन पंख्याखाली झोपलेले. सिनेमा थोर आहे, वाद नाही. प्रिंट हरवलीच असं सगळे धरून चालले होते आणि १९७१ मध्ये ती खुद्द किनुगासालाच सापडली, ही गोष्ट पोरांना जरूर सांगा. पण दाखवा पंधरा मिनिटं, तीही चौथ्या-पाचव्या आठवड्यात.

सुरुवात ओझूच्या 'ओहायो'ने करा. १९५९, रंगीत, दीड तास. बांधाखालची चिकटून चिकटून बांधलेली घरं, म्हणजे आपली चाळच. महिला मंडळाची वर्गणी कुणी खाल्ली यावरून कुजबुज, आणि नेमकं त्याच वेळी एकीच्या घरी वॉशिंग मशीन आलंय. दोन भावांना टीव्ही हवाय. बाप ओरडतो, फार बडबड करता. थोरला उलटून म्हणतो, मोठी माणसं तर दिवसभर 'नमस्कार, हवा छान आहे, कुठे निघालात' एवढंच बोलतात, ती बडबड नाही का? आणि दोघं मौन धरतात. त्या मौनामुळे शेजारणीला वाटतं, यांच्या आईनेच माझ्याशी अबोला धरलाय. शिवाय अख्ख्या सिनेमाभर पोरांची पादण्याची स्पर्धा चालू असते. कृष्णधवलची भीती, जपानी गांभीर्याची भीती, दोन्ही पहिल्या शनिवारी मोडतात.

टांगा_फरार

ओझूचं ओझं असं हलकं केलेलं आवडलं. +१

योकोहामावासी

अकरा वर्षं इकडे आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. सांभाळून घ्या.

मास्तर, तुमची चित्रपटांची यादी मला चालेल. वाचनाची मात्र काळजी वाटते. रिची आणि तानिझाकी एवढंच दिलंत तर दहाव्या शनिवारी तुमची पोरं लिहितील: जपानी माणूस शांत, अबोल, निसर्गात रमणारा, झेन म्हणजे ध्यानमग्न बौद्ध. मी ज्या लोकलने ऑफिसला जातो तिच्यात असा माणूस अजून दिसलेला नाही. 'मोनो नो आवारे' (सगळं क्षणभंगुर असल्याची हुरहूर) या शब्दावर निदान पाच आठवडे बंदी घाला, ही कळकळीची विनंती.

तानिझाकीचा निबंध (१९३३) द्याच, पण पूर्ण पार्श्वभूमीसह. हा माणूस १९२० च्या सुमारास एका फिल्म कंपनीसाठी पटकथा लिहीत होता, हॉलिवूडचा शौकीन होता. निबंधाच्या सुरुवातीलाच घरात विजेच्या तारा कुठे लपवायच्या याची कटकट आहे आणि पाठोपाठ जुन्या संडासांचं गुणगान. पोरं हसतील. हसू द्या. त्याला जपानी आत्म्याचा जाहीरनामा मानणाऱ्यांनी बहुधा तो संडासाचा भाग गाळून वाचलाय.

ओझूचंही तेच. कामाकुराच्या एन्गाकुजी देवळात त्याची समाधी आहे, स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच. दगडावर नाव नाही, फक्त 'मू' हे एक अक्षर. मू म्हणजे शून्य, नसणं. आपले लोक फोटो काढतात आणि खाली लिहितात 'झेन मास्टर'. मी गेलो होतो तेव्हा त्या शून्यासमोर कुणीतरी साकेच्या बाटल्या ठेवल्या होत्या, आणि माझ्या मते त्याला तेच जास्त आवडलं असतं. नोदा कोगोबरोबर पटकथा लिहायला बसला की किती बाटल्या संपल्या याचा हिशेब ठेवणारा माणूस तो. तरुणपणी अमेरिकन विनोदी सिनेमांवर जीव. युद्धात आधी चीनमध्ये शिपाई. मग १९४३ मध्ये लष्कराने सिंगापूरला धाडला, कशासाठी माहितीये? सुभाषबाबूंच्या आझाद हिंद फौजेवर सिनेमा काढायला. तो काही पुरा झाला नाही. त्याऐवजी ओझूने तिथे जप्त केलेले हॉलिवूडचे सिनेमे बघितले, 'सिटिझन केन'सुद्धा. हे पोरांना सांगितलंत तर झेन आपोआप उतरेल.

माझी सूचना एकच. प्रत्येक सिनेमासोबत असं वाचन द्या जे त्या सिनेमाशी, नाहीतर दुसऱ्या वाचनाशी भांडेल.

शनिवारचा_मास्तर

योकोहामावासी, आझाद हिंदचं खरंच माहीत नव्हतं. भांडणारं वाचन म्हणजे काय, एखादं उदाहरण द्या ना. पंधरा पानांत बसणारं.

योकोहामावासी

'टोकियो स्टोरी' काढा आणि 'लेट स्प्रिंग' (१९४९) घ्या. विधुर बाप, सत्तावीस वर्षांची मुलगी, तिला लग्न करायचं नाही. बाप खोटंच सांगतो की मीच दुसरं लग्न करतोय. लग्नाआधी दोघं क्योतोला जातात. रात्री एका खोलीत शेजारी शेजारी अंथरुणं. मुलगी बोलत असते, बापाला झोप लागते. ती छताकडे बघत किंचित हसते. मग पडद्यावर येते एक फुलदाणी, मागे कागदी सरकत्या दारावर बांबूच्या सावल्या. पुन्हा मुलगी, आणि आता तिचे डोळे भरत आलेत. पुन्हा फुलदाणी, आधीपेक्षा जास्त वेळ.

बस, एवढंच. या फुलदाणीवर विद्वानांनी किती शाई सांडली आहे! पॉल श्रेडर ('टॅक्सी ड्रायव्हर' लिहिणारा तोच) १९७२ च्या पुस्तकात म्हणतो, ही निश्चलता म्हणजे भावनेच्या पलीकडचं, जवळजवळ अध्यात्म. रिची म्हणतो, ती आपल्या भावना ठेवायचं भांडं आहे. क्रिस्टिन थॉम्प्सन म्हणते, फुलदाणीच्या जागी दुसरं काहीही चाललं असतं, ओझू मुद्दाम आपल्याला कथेपासून बाजूला नेतोय. फ्रेंच तत्त्वज्ञ दल्युझला तिच्यात साक्षात काळ दिसला. प्रत्येकाचं पान-दोन पान. सगळे मिळून दहा पानंही होणार नाहीत.

आणि गंमत अशी की फुलदाणी खोलीत नेमकी कुठे आहे, मुलगी तिच्याकडे बघते तरी का, हे आधी पोरांनाच विचारा. वाचायच्या आधी. हमखास भांडतील.

बॉर्डवेलचं ओझूवरचं जाडजूड पुस्तक (१९८८) मिशिगन विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवलंय, त्यातलं 'लेट स्प्रिंग'चं प्रकरण तुमच्यासाठी घ्या. पोरांना देऊ नका, पळतील.

निरंजना

मास्तर, दहा चित्रपट, दहा पुरुष. मुली किती आहेत वर्गात?

शनिवारचा_मास्तर

चौदा. ताई, चूक कबूल.

निरंजना

मग 'उगेत्सु' काढा आणि तानाका किनुयोचा 'द इटर्नल ब्रेस्ट्स' (१९५५) घ्या. 'उगेत्सु'तली मियागी आठवते ना, कुंभाराची बायको? ती ही तानाका. मिझोगुचीची लाडकी नटी. ती स्वतः दिग्दर्शन करायला निघाली तेव्हा विरोध करणाऱ्यांत मिझोगुचीच पुढे होता. बायकांच्या दुःखावर इतके सिनेमे काढणारा माणूस! ओझूने मात्र तिला आपली एक पटकथा दिली. तिने एकूण सहा चित्रपट केले. (पहिली ती नव्हे. १९३६ मध्ये साकाने ताझुकोने एक बोलपट केला होता, तो आज उपलब्ध नाही.)

हा सिनेमा नाकाजो फुमिको या खऱ्या कवयित्रीवर आहे. होक्काइदोची, घटस्फोटित, मुलांची आई, तांका लिहिणारी. स्तनांच्या कॅन्सरने १९५४ मध्ये गेली, वय ३१. पुढच्याच वर्षी सिनेमा आला. शस्त्रक्रियेनंतर ही बाई बिचारी होत नाही, उलट तिची वासना, तिचा राग, तिचा मत्सर वाढत जातो. एका दृश्यात ती मैत्रिणीकडे आंघोळ करताना मुद्दाम आपली छाती तिला बघायला लावते. पटकथाही एका बाईचीच, तानाका सुमिए.

वाचायला तिचेच तांका द्या, इंग्रजी अनुवाद मिळतात. शिरीष पैंमुळे हायकू आपल्याकडे घरचा झाला. पाच ओळींचा तांका मात्र तुमच्या पोरींनी बहुधा पाहिलेलाही नसेल. तांकांशी सिनेमा कुठे प्रामाणिक राहिलाय आणि कुठे नाही, यावर भांडू द्या त्यांना.

चहाबाज

'उगेत्सु' काढायचा? त्या सरोवरावरच्या धुक्यातल्या नावेसाठी तरी ठेवा हो.

निरंजना

काका, नावेचं दृश्य पाच मिनिटांचं. तेवढं दाखवून पुढे जाता येतं.

गावठी_समीक्षक

'बर्मीज हार्प'बद्दल. सिनेमा सुंदर आहे, वीणा वाजते, आपण रडतो. एक जपानी शिपाई भिक्खू होतो आणि आपल्या मेलेल्या सोबत्यांना मूठमाती देत हिंडतो. आता सांगा, ब्रह्मदेश त्यात कुठे आहे? ब्रह्मी माणसं फळं विकतात, पोपट विकतात, गाणं ऐकतात. त्यांचं कोण मेलं, कुणी मारलं? आमच्या घराण्यातले एक जण मराठा पलटणीतून त्याच आघाडीवर गेले होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत वीणा नव्हती.

काढा म्हणत नाही. सौंदर्याने काय काय झाकता येतं हे शिकवायला त्याच्यासारखा सिनेमा नाही. पण झाकलेलं दाखवायची तयारी हवी. नाहीतर 'गोजिरा', म्हणजे मूळ गॉडझिला (१९५४) घ्या, पोरं नाव ऐकूनच खूश. त्या वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याच्या राखेत जपानी मच्छीमारांची एक बोट सापडली. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' लागला, आणि त्यात पहिला बळी कुणाचा? समुद्रातल्या बोटीचा. तिकीट काढून बसलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकनांनी १९५६ मध्ये त्यात स्वतःचा नट घुसवून, बरंच कापून नवी आवृत्ती काढली. दोन्हींची पहिली वीस मिनिटं लागोपाठ लावा. वेगळं वाचन लागणारच नाही.

आणि शिंदोचा 'द नेकेड आयलंड' (१९६०) विसरू नका. बेटावर पाणी नाही, नवरा-बायको नावेने पाणी आणतात, खांद्यावर कावड घेऊन चढ चढतात, रोपाच्या मुळाशी ओततात. सिनेमाभर संवाद जवळपास नाहीतच. एकदा बायकोचा पाय घसरतो, बादली सांडते. नवरा येतो आणि तिच्या थोबाडीत देतो. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या बायांना हा सिनेमा सबटायटलशिवाय कळेल.

टांगा_फरार

मूकपटांच्या काळात जपानात पडद्याशेजारी बेन्शी नावाचा माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, हे खरं ना? लोक म्हणे नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. हे तर आपलं कीर्तन झालं. पूर्वरंग, उत्तररंग आणि मध्ये बुवांचा पाणी पिण्याचा ब्रेक.

योकोहामावासी

खरं आहे, म्हणूनच जपानात मूकपट १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले. बेन्शींनी बोलपटांविरुद्ध संपसुद्धा केले. कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो बेन्शी होता. धंदा बुडाला, आणि १९३३ मध्ये त्याने आत्महत्या केली. 'इकिरू'च्या आठवड्यात कुरोसावाच्या आत्मचरित्रातलं भावाचं प्रकरण द्या, मास्तर. इंग्रजी सोपं आहे.

सदाफुली

टांगावाले, तुम्ही गमतीत बोललात पण करून बघण्यासारखं आहे. ओझूचा 'आय वॉज बॉर्न, बट...' (१९३२) मूकपट आहे आणि 'ओहायो'चा थोरला भाऊच म्हणा: तीच दोन भावांची जोडी, तोच मोठ्यांवरचा राग. दुसऱ्या शनिवारी तो लावा आणि एखाद्या विद्यार्थ्याला मराठीतून बेन्शी करा.

शनिवारचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. दोन रात्री खर्चून जे ठरवलं ते असं. पहिल्या दोन शनिवारी 'ओहायो' आणि 'आय वॉज बॉर्न, बट...'. मग 'राशोमोन' (एकाच मृत्यूचे एकमेकांशी न जुळणारे जबाब), सोबत अकुतागावाची 'इन अ ग्रोव्ह'. कथेत लाकूडतोड्याला फक्त प्रेत सापडतं. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं हा चौथा जबाब आणि शेवटचं ते तान्हं बाळ, दोन्ही सिनेमाने घातलेलं. का घातलं, यावर एक तास सहज जाईल. पुढे फुलदाणीवाला 'लेट स्प्रिंग', 'इकिरू', 'इटर्नल ब्रेस्ट्स', 'गोजिरा', 'नेकेड आयलंड', 'फायरफ्लाइज', 'शॉपलिफ्टर्स'. 'सेव्हन सामुराई' घरी बघायचा, इच्छा असेल त्याने. 'उगेत्सु' बाहेर; चहाबाज, माफ करा. 'बर्मीज हार्प'चे दोन तुकडे 'गोजिरा'च्या दिवशी, गावठीपंतांच्या प्रश्नासकट.

'फायरफ्लाइज'ची धास्ती आहे, युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांची गोष्ट. तो १९८८ मध्ये 'तोतोरो' या लहान मुलांच्या गोड सिनेमासोबत एकाच तिकिटावर दाखवला होता म्हणे. कोणत्या क्रमाने बघितला असता तर लोक जेवले असते कोण जाणे.

चित्रपट दाखवायच्या परवानगीचं काय करावं?

सदाफुली

दिल्लीच्या जपान फाउंडेशनला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र टाका. आणि पुण्याला आलात तर लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात एक दिवस काढा.

शनिवारचा_मास्तर

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय. 'ओहायो' अपेक्षेप्रमाणे उडाला, दुसऱ्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये पोरं एकमेकांचं कपाळ बोटाने दाबतायत. सिनेमा बघितलेल्यांना कळेल.

दुसऱ्या शनिवारी बेन्शी. एक मुलगी तयार झाली, वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. सिनेमा तिने आधी घरी चार वेळा बघितला होता. प्रोजेक्टरच्या उजव्या बाजूला स्टूलवर बसली आणि सुरू. शाळेतली दादागिरी करणारी पोरं, साहेबाचा पोरगा, बाप, सगळ्यांचे आवाज अस्सल इकडचे. वर्ग लोळत होता.

मग ते दृश्य आलं. बापाच्या साहेबाच्या घरी सगळे घरगुती फिल्म बघायला जमतात, पोरंही. पडद्यावरच्या पडद्यावर त्यांचा बाप, ज्याला ती गल्लीतला सगळ्यात मोठा माणूस समजतात, तो साहेबाला हसवायला माकडासारखी तोंडं वाकडी करतोय. मोठी माणसं हसतायत. ही मुलगी गप्प झाली. मला वाटलं विसरली, मी खुणेने विचारलं. तिने मान हलवली, नको. पोरं घरी निघेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. वर्गात पंख्याचा आवाज येत होता.

नंतर चहाच्या वेळी मी विचारलं, तिथे का बोलली नाहीस. म्हणाली, सर, तिथे काय बोलायचं? मग जरा थांबून: जपानात बेन्शीला गप्प बसायचे पैसे मिळायचे का?

योकोहामावासी, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर शनिवारच्या आत टाका.